वडिलांना डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे, उगाच घराबाहेर निघून जातात. कामावर जाताना बाहेरून कुलूप लावावं का?

ते एकटे असताना कुलूप अजिबात लावू नका. गॅस, आग, पडणं, काही झालं तरी त्यांना दार उघडता येणार नाही आणि शेजाऱ्यांनाही नाही. जे एकदा निघून गेलेत त्यांना एकटं ठेवण्याचे दिवस संपले, असंच समजा. मदतनीस परवडत नसेल तर भावंडांत वार वाटून घ्या. सोबत कोणी असेल तेव्हा दाराची कडी नजरेच्या बरीच वर बसवा आणि दार उघडताच वाजेल अशी बेल लावा.

आता तुमच्या 'उगाच' बद्दल. त्यांच्या लेखी ते कुठेतरी निघालेले असतात. माझे सासरे पहाटे शर्ट घालून दाराशी उभे राहायचे. आयुष्य परळच्या गिरणीत गेलेलं, त्यांना पहिली पाळी गाठायची असायची. 'बाबा, गिरणी कधीच बंद पडली' म्हटलं की संतापून कडीशी झटापट करायचे. 'आज सुट्टी आहे, चहा घ्या' म्हटलं की खुर्चीत बसायचे. डब्याची पिशवी, चपला, छत्री दाराजवळून हलवल्या आणि त्यांची घाई बरीच ओसरली. तुमचे वडील निघताना काय बोलतात, काय हातात घेतात, ते नीट बघा. कधी नुसती लघवीला लागलेली असते, भूक असते, सांगता येत नाही. संध्याकाळी घालमेल वाढत असेल तर त्याआधी फिरवून आणा, दिवे लवकर लावा.

खिशातल्या चिठ्ठीवर विसंबू नका. सदऱ्याच्या आतून फोन नंबर शिवून घ्या. जीपीएसचं घड्याळ चांगलं, पण रोज चार्ज करावं लागतं. वॉचमन, वाणी, रिक्षा स्टँड, सगळ्यांना आजार सांगून ठेवा. यात लपवण्यासारखं काही नाही.

दिसेनासे झालेच तर आधी गच्ची, जिना, आजूबाजूच्या गल्ल्या बघा. त्याच वेळी दुसऱ्या कोणाला जुनं घर, जुनी नोकरी, नेहमीचं देऊळ या बाजूला पाठवा. 112 ला फोन करा, ताजा फोटो घेऊन पोलीस ठाण्यात मिसिंग नोंदवा. चोवीस तास थांबायचा कुठलाही नियम नाही, कोणी तसं म्हटलं तरी हटू नका. स्टेशन जवळ असेल तर रेल्वेच्या 139 वरही कळवा. एरवी सल्ल्यासाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567 आहे.

सापडल्यावर 'कुठे गेला होतात?' म्हणून रागावू नका. पाणी द्या, पाय तपासा, कुठे लागलंय का बघा.