अरबी समुद्राखालचे कवच भूकंपलहरींनी कसे मोजतात?

प्रश्न : समुद्रात स्फोट किंवा हवेच्या तोफा न वापरता, नुसत्या भूकंपाच्या नोंदींवरून तळाखालच्या कवचाची जाडी काढता येते का? संगणकावर घरी करून पाहता येईल?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : येते, आणि घरीही जमते. अरबी समुद्रातल्या ओवेन विभंग पट्ट्यावर (समुद्रतळावरच्या लांब भेगेवर) साधारण 14.5 उत्तर, 58 पूर्व इथे झालेला भूकंप घ्या आणि नोंद घ्या हैदराबादच्या जिओस्कोप (जागतिक भूकंपमापन जाळे) केंद्राची, तिथली माहिती खुली असते. अंतर सुमारे 2200 किमी. ही वाट तुमच्या रत्नागिरीच्या आसपासच किनारा ओलांडते. म्हणजे 1650 किमी समुद्र आणि 550 किमी जमीन.

भूकंप 5 ते 6 तीव्रतेचा आणि उथळ निवडावा. लहान असेल तर लांब आवर्तकालाच्या (एका हेलकाव्याला जास्त वेळ घेणाऱ्या) लहरी गोंगाटात बुडतात. खोल असेल तर पृष्ठलहरी (पृष्ठालगत धावणाऱ्या लहरी) नीट उठतच नाहीत. सेकंदाला एक नमुना देणारी उभ्या घटकाची, म्हणजे वर-खाली हालचालीची नोंद (एलएचझेड) पुरेशी आहे. पायथॉनमधल्या ऑब्स्पाय या भूकंपनोंदी हाताळणाऱ्या संचाने आधी यंत्राचा प्रतिसाद (यंत्रामुळे नोंदीत आलेला बदल) काढून टाका. ही पायरी गाळली तर पुढचे वेग चुकू शकतात. मग 10 ते 60 सेकंदांच्या दरम्यान अरुंद गाळण्या (ठरावीक आवर्तकालाच्याच लहरी ठेवणाऱ्या) एकेक करून लावा आणि प्रत्येक आवर्तकालाचा लहरसमूह सर्वांत जोरात कधी पोचला ते टिपा.

समजा, 20 सेकंदांची रेले लहर (वर-खाली हलवणारी पृष्ठलहर) भूकंपानंतर 611 सेकंदांनी आली. 2200 भागिले 611 म्हणजे 3.60 किमी प्रतिसेकंद. हा आकडा ना जमिनीचा ना समुद्राचा, आणि नवखे नेमके इथेच थांबतात. खंडीय कवचात या आवर्तकालाचा समूहवेग साधारण 3.1 धरला तर जमिनीवरचे 550 किमी 177 सेकंद खातात. उरले 434 सेकंद. 1650 भागिले 434 : 3.80. सागरी कवच पाण्याखेरीज जेमतेम 6-7 किमी जाड असते, त्यामुळे 20 सेकंदांची लहर तिथे बरीचशी प्रावरणातूनच (कवचाखालच्या थरातूनच) धावते. वेग वाढतो तो त्यामुळे. 15 सेकंदांच्या खाली मात्र वरचे पाणी लहरीला धरून ठेवते आणि वेग धाडकन कोसळतो. नोंदीच्या शेवटी लांबलचक थरथरते शेपूट दिसते ते याचेच. आडव्या घटकावरच्या लव्ह लहरींना (बाजूला हलवणाऱ्या पृष्ठलहरींना) पाण्याची जाणीवच नसते, म्हणून ताळा पाहायला त्या उत्तम. असे वेग सगळ्या आवर्तकालांसाठी काढले की कवचाची कोणती जाडी धरल्यास ते जुळतात, हे संगणकाला शोधू द्यायचे.

सर्वांत मोठा घोळ भूकंपकेंद्राच्या जागेचा. समुद्रातल्या भूकंपाभोवती केंद्रे चहूबाजूंनी नसतात, त्यामुळे जागा सहज सरकते. वाटेच्या दिशेने 25 किमीची चूक झाली तर वरचा 3.80 हा 3.74 होतो. म्हणून एकाच नोंदीवर विसंबू नये. दुसरा घोळ सिंधू नदीने आणलेल्या गाळाचा. मऊ गाळ कमी आवर्तकालांचा वेग घटवतो. गणितात तो धरला नाही तर कवच आहे त्यापेक्षा जाड निघते. पाण्याची खोली आणि गाळाची जाडी सर्वेक्षणांतून घेऊन पक्की करावी आणि उरलेल्याच गोष्टी संगणकाला शोधू द्याव्यात. सगळेच मोकळे सोडले तर काहीही उत्तर निघते!

आणखी एक मर्यादा. हा आकडा सगळ्या वाटेची सरासरी असतो. 20 सेकंदांच्या लहरीची लांबीच सुमारे 75-80 किमी, त्यामुळे लक्ष्मी कटकासारखी (समुद्रतळावरच्या उंचवट्यासारखी) अरुंद रचना त्यात विरघळून जाते.

प्रश्न : मग कवचाचा तळ नेमका दिसावा यासाठी काय करतात?

उत्तर : समुद्रतळावर भूकंपमापक ठेवतात. दूरच्या भूकंपाची पी लहर (वेगवान दाबलहर) कवचाच्या तळाशी अंशतः एस (तिच्याहून हळू, आडवी हलवणारी लहर) होते आणि पीच्या मागून येते. जमिनीखाली 35 किमी कवच असेल तर दोघींच्या येण्यातले अंतर सुमारे 4 सेकंदांचे. 7 किमी सागरी कवचात एक सेकंदही नाही. त्या पहिल्याच सेकंदात गाळातले प्रतिध्वनी घुसतात, आणि 4 किमी पाण्यातून वर जाऊन परतलेला पडसाद साधारण 5.3 सेकंदांनी येतो. शिवाय पाण्याखाली जीपीएस पोचत नाही. यंत्राचे घड्याळ सोडण्यापूर्वी आणि वर काढल्यावर लगेच जुळवून मधला फरक वाटून द्यावा लागतो. वर काढेपर्यंत बॅटरी संपली, तर ती दुसरी जुळणी हातची जाते.