नववीपासून मुलीला जळगावला टाकावं, की गावातच ठेवून ट्युशन लावावी?

तुमचं प्रश्नातलं म्हणणं थोडक्यात असं: धरणगाव तालुक्यातलं गाव, मुलगी आठवीत, सेमी इंग्रजी, वर्गात पहिल्या पाचात. नववीपासून जळगावला शाळा बदलायची तर खोली-मेसचे महिन्याला ६,००० आणि क्लासचे वर्षाला ४०,०००. नाहीतर गावचं हायस्कूल आणि संध्याकाळी ट्युशन. तिची आई म्हणते, "पोर हुशार शे, गावमा ऱ्हायनी ते वाया जाई." आणि शेवटी विचारलंय, जळगावात चांगली शाळा कोणती.

शाळेचं नाव मी सांगणार नाही. पण "गावात राहिली तर वाया जाईल" या वाक्यावर आमच्या एका पाहुण्यांशी माझा जुना वाद आहे, म्हणून लिहायला बसलो.

आधी पैसा. खोली-मेस दहा महिन्यांचे ६०,००० आणि क्लासचे ४०,०००, म्हणजे वर्षाला एक लाख, दोन वर्षांचे दोन. २०२५-२६ चा मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये क्विंटल. म्हणजे २६ क्विंटल कापूस, तोही हमीभाव मिळाला तर. एवढा कापूस घालून दहावीत नेमकं काय विकत मिळतं, ते बघू.

दहावीचा पेपर धरणगावला तोच आणि जळगावला तोच. मंडळ तेच, नाशिक विभाग. सहा विषय, ६०० गुण. त्यातले प्रत्येकी २०, म्हणजे १२०, शाळेच्या हातात: भाषांची तोंडी, विज्ञानाचं प्रात्यक्षिक, बाकीच्यांचं अंतर्गत मूल्यमापन. ते गावातली शाळाही देते. उरले ४८० लेखी. खरा फरक पडतो तो इथे, आणि त्यातही सगळ्यात जास्त भूमितीत.

एक उत्तरपत्रिका दाखवतो. निकालानंतर मंडळाकडून छायाप्रत मिळते, तशी मागवलेली. मुलगी आठवीपासून शहरात, शाळा नावाला, खरा अभ्यास क्लासच्या 'फाउंडेशन' बॅचमध्ये, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षांची आतापासूनच तयारी, सगळी पर्यायांच्या प्रश्नांची. क्लासच्या चाचण्यांत कायम वरच्या नंबरात. भूमितीत ४० पैकी ३४-३५ येतील असा घरच्यांचा हिशेब होता, आले २१. वडिलांना वाटलं, तपासणाऱ्याने घोळ केला. घोळ नव्हता.

पहिल्या प्रश्नात, म्हणजे पर्याय आणि एका गुणाची गणितं यांत, ८ पैकी ७. दुसऱ्यातल्या कृतींत, म्हणजे चौकटी भरायच्या त्यांत, ४ पैकी ४. इथपर्यंत पोरगी हुशारच आहे. दोन गुणांच्या गणितांत ८ पैकी ५. तीन गुणांच्या कृतीत ३ पैकी २. मग घसरण: तीन गुणांच्या दोन प्रश्नांत ६ पैकी २, चार गुणांच्या दोन प्रश्नांत मिळून ८ पैकी १, शेवटचा तीन गुणांचा कोराच.

आता तीन गुणांचं प्रमेय बघा. चक्रीय चौकोनाचे संमुख कोन पूरक असतात. तिला हे दुसरीतल्या पाढ्यासारखं पाठ. तिने आकृती काढली आणि खाली एका ओळीत लिहून टाकलं, दोन्ही कोनांची बेरीज १८०. गुण एक. अहो, जे सिद्ध करायचं तेच लिहिलं! पक्ष नाही, साध्य नाही. अंतर्लिखित कोन त्याने अंतर्खंडित केलेल्या कंसाच्या निम्मा असतो, हे कारण नाही. एक कोन एका कंसाचा निम्मा, संमुख कोन उरलेल्या कंसाचा निम्मा, दोन कंस मिळून ३६०, त्याचे निम्मे १८०. चार ओळींचं काम. पण प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण लागतं, आणि दोन वर्षांत तिने गोल काळे करण्यापलीकडे काही लिहिलंच नव्हतं. पर्यायांच्या चाचणीत कारण कोणी विचारत नाही.

मग चार गुणांची रचना. समरूप त्रिकोण काढायचा, बाजूंचं गुणोत्तर ७:५, दिलेला त्रिकोण मोठा. दिलेल्या बाजूचे ७ समान भाग करायचे आणि पाचव्या बिंदूवर थांबायचं. तिने भागच ५ केले. वर कंपासाचे कंस खोडरबराने पुसून चित्र 'स्वच्छ' केलं. ते कंस पुसायचेच नसतात, रचना केल्याचा पुरावा तोच. मिळालेला एक गुण कच्च्या आकृतीचा. दुसरा चार गुणांचा प्रश्न अर्धा सोडलेला, कारण वेळ संपला. वेळ कुठे गेला ते पहिल्या पानांवर दिसतं. एका गुणाच्या पर्यायांना अर्धं अर्धं पान कच्चं काम.

दोन तासांचा पेपर, २०२३ पासून शेवटी दहा मिनिटं जास्तीची, म्हणजे १३० मिनिटं. पहिल्याला १५, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला ३०, चौथ्याला ३०, पाचव्याला १०, उरलेली १० आकृत्या आणि एककं तपासायला. हा हिशेब घड्याळ लावून निदान आठ-दहा पेपरांत करावा लागतो. क्लास शहरातला असो की ओसरीवरचा, लिहून घेणारा नसेल तर पैसे वाया.

म्हणून ट्युशन बघताना सरांची पदवी विचारू नका. तिथल्या दहावीच्या एखाद्या मुलाची वही मागा. लाल शाई दिसते का? दिसली तर ती नुसत्या बरोबरच्या खुणांची आहे, की "कारण?" असं कुठे लिहिलंय? त्रिकोणमितीच्या उंची-अंतराच्या गणितात आकृतीला नावं दिलीत का? महत्त्वमापनात उत्तराला घन सेंमी की चौरस सेंमी, ते लिहिलंय का? प्रत्येक प्रकरणाचा शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह सोडवलाय, की सरावसंचावरच गाडी थांबलीय? पाच मिनिटांत कळतं. मग संख्या: एका बॅचला पंचवीसच्या वर मुलं असतील तर वह्या तपासल्या जात नाहीत, कोणी काहीही सांगो. पैसे महिन्याचे महिन्याला द्या. शहरातला क्लास वर्षाचे एकदम मागत असेल तर पावती घ्या आणि सोडल्यावर परतावा कसा, ते लिहून मागा. केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत मध्येच सोडणाऱ्याला उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करायची आहे. त्याच सूचनांत सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंगला घेऊ नये असंही आहे. मग आठवीतल्या पोरांच्या 'नीट' (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) फाउंडेशनचे फ्लेक्स चौकाचौकांत कसे लागतात, ते लावणाऱ्यांना विचारा. एकाच पोराचा फोटो तीन क्लासच्या फ्लेक्सवर मीही बघितलाय.

शाळेत शिकवणाऱ्या सरांकडेच ट्युशन लावायचा विचार असेल तर सोडून द्या. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकाला खाजगी शिकवणीची बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी वर्गात अर्धवट आणि घरी पूर्ण, ही सवय पोरांच्याच मुळावर येते.

आता गावच्या शाळेत जाऊन तीन गोष्टी बघा. गणित आणि विज्ञानाला पूर्णवेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावरचा, जो डिसेंबरात दुसरीकडे जाईल? प्रयोगशाळेचं कुलूप गंजलंय का? मागच्या बॅचच्या प्रयोगवह्या मागा, सगळ्यांची निरीक्षणं दशांशापर्यंत सारखी असतील तर प्रयोग झालेले नाहीत. आणि निकाल शंभर टक्के आहे असं सांगतील, तो ऐकून घ्या आणि विषयवार गुण मागा. राज्याचाच निकाल २०२५ ला ९४.१० टक्के होता, त्यामुळे पास होण्याची फुशारकी कोणी मारू नये. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्राचे अंतर्गत गुण काढले होते तेव्हा तोच ७७.१० वर आला, आणि २०२० ला गुण परत आले तसा ९५.३० वर गेला. त्या वीस गुणांची ताकद एवढी.

विषयवार का, तर टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर निघते. गणितात ५८ पडले आणि बाकी पाचांत ९२ च्या आसपास, तर गणित गळतं आणि पेढे वाटले जातात. मग पोर सायन्सला जाते आणि अकरावीच्या पहिल्या चाचणीत तोंडावर आपटते. पुढे अभियांत्रिकीच्या सीईटीत २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. तेव्हा सर्वोत्तम पाच कामाला येत नाहीत.

तुमच्या मुलीसाठी खरं वर्ष नववी आहे. दहावीची समरूपता उभी राहते नववीच्या त्रिकोण आणि समांतर रेषा या प्रकरणांवर. त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमितीची तोंडओळखही नववीतच. नववी 'सोपी' म्हणून सोडून दिलेली मुलं दहावीच्या जूनमध्ये गुणोत्तर कुठल्या बाजूंचं घ्यायचं इथेच अडकतात. या उन्हाळ्यात आठवीच्या एकरूपतेच्या कसोट्या पक्क्या करून घ्या, रोज पाऊण तास, सकाळी, ऊन चढायच्या आत. आणि सेमी आहे म्हणून एक वेगळी वही करा. गणिताच्या पुस्तकातले इंग्रजी शब्द, रिस्पेक्टिव्हली, सबटेंड, कॉन्सेंट्रिक, असे पन्नास-साठ, समोर मराठी अर्थ आणि आकृती. सर मराठीतून समजावतात, फळ्यावर इंग्रजीतून लिहितात आणि पोरीला गणित येऊनही प्रश्न वाचता येत नाही. हे मी वाचलेल्या कितीतरी पेपरांत आहे.

दिवाळी ते डिसेंबर शाळा बुडवू नका. कापूस वेचणीला मजूर मिळत नाही हे कबूल, पण नेमक्या त्याच आठवड्यांत दहावीला त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन चालू असतं. २०२५ ला दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीलाच सुरू झाली, म्हणजे जानेवारीत भरून काढू म्हणायला जागा राहिली नाही.

तिसरा मार्ग कोणी तुम्हाला सुचवेलच: गावात राहून जळगावला रोज अपडाउन. अहिल्याबाई होळकर योजनेतून मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पैशाचा प्रश्न नाही. पण जाणं-येणं आणि थांब्यावरची वाट धरून दिवसाचे तीन तास, शाळेचे दिवस २२० धरले तर ६६० तास. रोज दोन तासांच्या स्वतःच्या अभ्यासाने ते ३३० दिवसांचे होतात. गाडीत अभ्यास होतो असं पाहुणे म्हणतात. त्यांनी स्वतः कधी उभ्याने प्रवास करून भूमिती सोडवलेली नाही.

पाहुण्यांचं दुसरं म्हणणं, शहरात दहावी केली की शहरात अकरावी मिळते. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होतात, दहा महाविद्यालयांपर्यंत पसंती भरता येते, धरणगावची मुलगी आणि जळगावची मुलगी एकाच यादीत. फक्त पहिल्या क्रमांकाला जे भराल ते विचार करून भरा. ते मिळालं आणि घेतलं नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. शहरातल्या शाळेचा फायदा एवढाच की त्याच संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय असेल तर दहा टक्के इनहाऊस कोटा, म्हणजे स्वतःच्याच शाळेतल्या मुलांसाठी राखीव जागा. त्या दहा टक्क्यांसाठी २६ क्विंटल कापूस? तुम्हीच ठरवा.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. गावच्या शाळेत गणिताचा शिक्षकच नसेल, जागा वर्षभर रिकामी असेल, तर वरचं सगळं विसरा आणि हलवा, पण नववीच्या जूनमध्येच हलवा, दहावीला नाही. जळगावात मामा-मावशी असेल, खोली-मेस लागणार नसेल, तरी गणित बदलतं. मुलीला स्वतःला जायचं असेल तर तेही धरा, तिला विचारल्याचं तुमच्या प्रश्नात कुठे दिसलं नाही. आणि मी गणिताचा माणूस, भाषा आणि समाजशास्त्राबद्दल माझ्या मतावर फार जाऊ नका. डॉक्टरकीचंच ठरलं असेल तर शहर लागेलच, पण ते अकरावीला. तेव्हा हे दोन लाख हाताशी असलेले बरे.

येत्या रविवारी तिला एक कोरा कागद द्या आणि त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० का असते, ते पुस्तक न बघता सिद्ध करून लिहायला सांगा. शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढली आणि प्रत्येक ओळीसमोर कारण लिहिलं, तर तिला शिकवणारं कोणीतरी त्या शाळेत आहे. नुसतीच आकृती काढून तीन कोन कोनमापकाने मोजले, तर मला इथेच खाली कळवा, म्हणजे नववीच्या कुठल्या प्रकरणापासून सुरुवात करायची ते सांगतो.