१२ बिट की १६ बिट? डॅक चिप घेताना आधी व्होल्टेज रेफरन्स पाहा

तुम्हाला अर्डुइनो या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डमधून ०-१० व्होल्टचा सिग्नल काढून व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचा, वेग बदलायचा आहे. त्यासाठी लागणारी डॅक चिप, म्हणजे डिजिटल आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप, आतून कशी चालते आणि १२ बिटची पुरेल की १६ बिटचीच घ्यावी, असं तुम्ही विचारलंय. मी कारखान्यांतल्या पीएलसी (यंत्रं चालवणारे कंट्रोलर) आणि ड्राइव्हवर काम करतो. १२ बिट भरपूर झाले. ५० हर्ट्झच्या ड्राइव्हवर १२ बिटच्या ४०९६ पायऱ्या पाडल्या तर एक पायरी जेमतेम ०.०१२ हर्ट्झची होते. काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती कळायला आधी चिपच्या आत डोकवावं लागेल.

सर्वांत सोपी रचना म्हणजे आर-टूआर शिडी. तिच्यात दोनच मूल्यांचे रेझिस्टर असतात, एक आर आणि दुसरा त्याच्या दुप्पट. शिडीच्या टोकाला दोन २आर समांतर येतात, त्यांचा मिळून आर होतो. त्याला पुढचा आर जोडला की पुन्हा २आर. हेच प्रत्येक जोडावर घडत जातं, म्हणून प्रत्येक बिटचं वजन आधीच्या बिटच्या बरोबर निम्मं पडतं. ५ व्होल्टच्या रेफरन्सवर (ज्या व्होल्टेजचे भाग पाडायचे ते) ४ बिटची शिडी घ्या आणि तिला १०१० द्या: पहिल्या बिटचे २.५ व्होल्ट, तिसऱ्याचे ०.६२५, एकूण ३.१२५. दोन मूल्यांच्या रेझिस्टरमधून एवढं साधतं, ही मला इलेक्ट्रॉनिक्समधली सर्वांत देखणी युक्ती वाटते.

अडचण अचूकतेची. १६ बिटच्या शिडीत सर्वांत मोठ्या बिटचं वजन ०.००३ टक्क्यानं चुकलं की सर्वांत लहान बिटची अख्खी पायरी त्यात गडप होते. म्हणून बिट वाढवणं हाच एक मार्ग नाही. सुरुवातीच्या सीडी प्लेयरमध्ये सोनीनं १६ बिटचा डॅक वापरला, तर फिलिप्सनं १४ बिटचीच टीडीए १५४० चिप सीडीच्या ४४.१ किलोहर्ट्झच्या चौपट वेगानं चालवली आणि चूक ऐकू न येणाऱ्या वारंवारतेकडे ढकलून जवळपास १६ बिटचा दर्जा मिळवला. आजच्या डेल्टा-सिग्मा चिप याच वाटेनं बऱ्याच पुढे गेल्या आहेत. फोन, ब्लूटूथ इअरफोन, टाइप-सीला हेडफोन जोडायची पिन, बहुतेकांत असा डॅक बसलेला असतो. आवाजाबाहेर सिग्नल जनरेटर, मोबाइल टॉवरचे ट्रान्समीटर आणि आमच्याकडची पीएलसीची ॲनालॉग आउटपुट कार्डं आहेतच.

आता तुमचं काम. डॅकमधून जे बाहेर येतं तो रेफरन्स व्होल्टेजचा अपूर्णांक असतो. रेफरन्स हलला की सगळं हललं. बाजारात सहज मिळणारी एमसीपी ४७२५ ही १२ बिटची चिप आपला सप्लायच रेफरन्स म्हणून वापरते. यूएसबीचे ५ व्होल्ट लोड पडल्यावर ५ टक्क्यांनी खाली आले, तर फुल स्केलजवळ, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्याजवळ, आउटपुट सुमारे २०० पायऱ्यांनी घसरतं. मोजपट्टीच रबराची असेल तर तिच्यावर बारीक रेघा मारून काय उपयोग? तिथे १६ बिटची चिप लावलीत तरी वेग तितकाच डुलेल.

मी तुमच्या जागी असतो तर एमसीपी ४७२८ घेतली असती. तीही १२ बिटचीच, पण आत २.०४८ व्होल्टचा स्वतःचा रेफरन्स आहे. गेन (सिग्नल किती पट करायचा ते) दुप्पट ठेवला की ४.०९६ व्होल्टची रेंज मिळते आणि पायरी बरोबर १ मिलिव्होल्टची, हिशेबही सोपा. त्यापुढे साधारण २.४४ गेनचा ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) लावून १० व्होल्ट करा. ऑप-अँपला सप्लाय १२ व्होल्ट किंवा जास्त द्या, नाहीतर तो १० पर्यंत पोहोचेलच असं नाही. वायर लांब जाणार असेल तर ०-१० व्होल्टऐवजी ४-२० मिलिअँपिअर बघा. तिथे शून्य वेगालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, म्हणून वायर तुटली तर लगेच कळतं.

जोडणी झाल्यावर डॅकला २०४८ हा आकडा द्या आणि त्याचं आउटपुट मल्टिमीटरनं मोजा. मग मोटर चालू करून पुन्हा मोजा. दोन वाचनांत फरक पडला तर कोड तपासण्याआधी सप्लाय आणि अर्थिंग तपासा.