पिकअपला कॅम्पिंगचा ट्रेलर जोडून पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरता येईल का?

उतरता येईल, मात्र पिकअप किती वजन ओढू शकते एवढेच पाहून निघू नये. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी साधारण १० ते १५ टक्के भार पिकअपच्या हुकवर यावा लागतो, म्हणजे ट्रेलर १२०० किलोचा असेल तर १२० ते १८० किलो, आणि हा भार पिकअपमधील माणसे व सामान यांच्या वजनातच धरावा लागतो, जे बहुतेक जण विसरतात. पाण्याची टाकी, गॅस सिलिंडर असे जड सामान मागच्या टोकाला गेले की हुकवरचा भार घटतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडा.

घाट उतरण्याआधीच खालचा गिअर टाकावा. सतत ब्रेकवर पाय राहिला तर ते तापून निकामी होतात. मुळशीला चहासाठी थांबाल तेव्हा ट्रेलरच्या प्रत्येक चाकाच्या हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हात न्या: एकच हब इतरांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर बेअरिंग किंवा ब्रेक तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ट्रेलर पिकअपला जोडून ठेवणाऱ्या सुरक्षा-साखळ्या हुकखाली एकमेकींना छेद देऊन लावाव्यात. ट्रेलरची आरटीओकडे नोंदणीही हवी.