समुद्री कासवं प्लास्टिक का खातात? आणि किनाऱ्यावर असं कासव सापडलं तर पोटातलं प्लास्टिक काढता येतं का?

पिशवी पाण्यात जेलीफिशसारखी दिसते म्हणून कासव फसतं, हे सगळीकडे वाचायला मिळणारं उत्तर अर्धंच खरं आहे. कासवांच्या पोटात तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), सुतळी, जाळ्याचे धागे, कडक प्लास्टिकचे कपचेही निघतात. ते कुठल्या बाजूने जेलीफिशसारखे दिसतात? मोठी भानगड वासाची आहे. समुद्रात काही दिवस तरंगलेल्या प्लास्टिकवर शेवाळाचा आणि जंतूंचा थर चढतो, त्याला खाद्यासारखा वास येतो. 2020 मध्ये अमेरिकेत लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवांवर झालेल्या प्रयोगात स्वच्छ प्लास्टिकच्या वासाला त्यांनी दाद दिली नाही. थर चढलेल्या प्लास्टिकच्या वासाला मात्र खाद्याच्या वासाइतकाच प्रतिसाद दिला. गिळलेलं परत फिरत नाही, कारण अन्ननलिकेत पोटाकडे वळलेले काटे असतात. पाणी बाहेर टाकायचं आणि भक्ष्य आत धरायचं, यासाठी ते असतात.

काढता येतं का? येतं, पण तुम्हाला नाही, आणि किनाऱ्यावर तर नाहीच.

तोंडातून किंवा शेपटीखालून तंगुसाचं टोक लोंबत असेल तर हात शिवशिवतात आणि कोणीतरी ओढतंच. तंगुसाचं दुसरं टोक आत कुठेतरी अडकलेलं असतं, कधी गळासकट. आतडं त्या दोऱ्यावर नाडीवर सुरवारीचा नेफा गोळा व्हावा तसं चुण्या पडून गोळा झालेलं असतं. ओढलं की दोरा आतडं चिरत जातो. बाहेर येईल तो दोऱ्याचा तुकडा, आणि आठवडाभरात पोटात पू होऊन कासव जाईल. हातभर दोरा बाहेर ठेवून बाकीचा कापा, म्हणजे पुन्हा कुठे अडकणार नाही आणि डॉक्टरला माग काढता येईल.

आता ज्या मुद्द्यावर दर पावसाळ्यात वाद होतो तो. ‘समुद्राचं लेकरू समुद्राला परत दिलं’ म्हणून चार जण कासव उचलून लाटेत सोडतात, टाळ्या वाजतात, व्हिडिओ पसरतो. अहो, धडधाकट कासव किनाऱ्याला लागत नाही. आतड्यात प्लास्टिकचा बोळा अडकला की मागे अन्न कुजतं, वायू धरतो आणि कासवाला बुडी मारता येत नाही. मागची बाजू वर करून ते तरंगत राहतं. खाली जाता येत नाही म्हणून खाणं नाही, पाठ उन्हात भाजते, होडीचा पंखा लागतो. शेवटी वारा आणि भरती त्याला पुळणीवर आणून टाकतात. त्याला परत लोटणं म्हणजे पुढच्या भरतीला दुसऱ्या गावात मेलेलं सापडण्याची सोय करणं.

मग करायचं काय? वन विभागाचा 1926 हा क्रमांक लावा. जागा, कासवाची लांबी, जखमा आणि हालचाल सांगा. तोवर सावली करा, पाठीवर ओलं गोणपाट टाका, नाक-डोळे मोकळे ठेवा. उताणं करू नका. फुफ्फुसं पाठीच्या कवचाला लागून असतात, उताणं केलं की आतड्यांचा भार त्यांच्यावर येतो. पाण्याच्या टबात ठेवू नका, मान वर धरायची ताकद नसेल तर ते वीतभर पाण्यातही बुडतं. मासे भरवू नका. जाळ्यातून निघालेलं निपचित कासव मेलंच असं समजू नका. पोटावर ठेवून मागची बाजू वीतभर उंच करा, चार तास तरी वाट बघा.

पुढचं काम कासवांच्या उपचार केंद्रातलं, डहाणूला आहे तसं. एक्स-रेमध्ये गळ पांढराशुभ्र दिसतो, पिशवी दिसतच नाही. म्हणून ‘एक्स-रे क्लिअर आहे’ या वाक्याला काही अर्थ नाही. एक्स-रेमध्ये दिसणारं बेरियमचं औषध पाजून ते कुठे अडतंय हे दिवसेंदिवस बघावं लागतं. आधी सलाइन, अंगात ऊब, मग आतडं बुळबुळीत करायला नळीने लिक्विड पॅराफिन. कासवाचं पचन इतकं संथ की प्लास्टिक विष्ठेतून पडायला आठवडे लागतात, तेही तुकड्यातुकड्यांनी. शस्त्रक्रिया अगदीच नाइलाज झाला तर. ऑस्ट्रेलियातल्या 2018 च्या एका अभ्यासानुसार पोटात 14 तुकडे असतील तर कासव त्यामुळे मरण्याची शक्यता निम्मी असते, आणि एकाच तुकड्यानेही जवळपास 22 टक्के. त्यामुळे ‘थोडंसंच होतं’ याला आधार नाही.

हेही सांगायला हवं की किनाऱ्याला लागलेलं प्रत्येक कासव प्लास्टिक खाऊन आलेलं नसतं. आपल्याकडच्या ऑलिव्ह रिडलेंमध्ये टाकून दिलेल्या जाळ्यात फ्लिपर (वल्ह्यासारखा पाय) कापला गेलेली बरीच असतात, न्यूमोनियानेही कासव तरंगतं. म्हणून लगेच मच्छीमारांच्या नावाने खडे फोडू नका. जाळं कापून कासव सोडणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र सरकार 25,000 रुपयांपर्यंत भरपाई देतं, आणि जाळं कापणारे आहेत.

आणि हिवाळ्यात रात्री रत्नागिरीतल्या वेळाससारख्या किनाऱ्यावर वाळूत वर चढत जाणारी मादी दिसली, तर वरचं सगळं विसरा. टॉर्च बंद करून लांब थांबा, अंडी घालून ती आपली आपण परत जाते. जुलैत भरदुपारी ओंडक्यांच्या कचऱ्यात पडलेलं कासव अंडी घालायला आलेलं नसतं, एवढा फरक व्हिडिओ काढणाऱ्यालाही कळायला हरकत नाही.