शेवटचा शिंपला कुठे संपतो?

सप्रेम आशीर्वाद.

तुझ्या संशोधनाचा आराखडा वाचला. अंटार्क्टिकातल्या सीमोर बेटाचे अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शिंपल्यांचे नामशेष समुद्रजीव घेतलेस, निवड उत्तम आहे. डायनासोर संपले त्या काळाचा, म्हणजे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा ध्रुवीय समुद्रतळ तिथे जाड थरांत साचलेला आहे आणि अशनीपाताची साक्ष देणाऱ्या इरिडियम धातूची खूणही सापडते; तीच आपली सीमारेषा. पण पहिल्याच पानावर "अमोनाइट हळूहळू कमी होत गेले" असं लिहून मोकळा झालास, तिथे मी अडलो.

हळूहळू कशावरून? आलेखात प्रत्येक जातीची रेघ वेगवेगळ्या उंचीला संपते म्हणून ना? मग त्या जातीचे नमुने मुळात किती मिळालेत ते आधी बघ. दुर्मिळ जात सीमारेषेपर्यंत जगलेली असली, तरी तिचा शेवटचा शिंपला आपल्याला बराच खाली, म्हणजे जुन्या थरात सापडतो. वरचे हाती लागतच नाहीत. म्हणजे सगळ्या जाती एकदम मेल्या तरी खडकात त्या एकेक करून गेल्यासारख्या दिसणार. सिग्नर आणि लिप्स या जीवाश्मशास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हे दाखवलं.

सीमोरबद्दल आधी हळूहळू ऱ्हासाचंच मत होतं. ध्रुवावरचे जीव महिनोन्‌महिने अंधार सोसतात, तेव्हा अशनीपाताने काळवंडलेलं आकाशही सोसतील, अशीही एक कल्पना होती. देखणी कल्पना, पण टिकली नाही. २०१६ मध्ये सहा हजारांहून अधिक जीवाश्म तपासले गेले, तेव्हा सीमारेषेपाशीच जातींची संख्या एकदम ६५ ते ७० टक्क्यांनी घसरलेली दिसली. लाहिलियासारखे दोन झडपांचे शिंपले मात्र सीमारेषेपलीकडेही भरपूर. ते का वाचले, हा प्रश्न मला तुझ्या अमोनाइटांपेक्षा जास्त खुणावतो, पण ते असो.

आता लगेच दुसऱ्या टोकाला जाऊ नकोस. २०१२ च्या एका अभ्यासाने सीमारेषेच्या खाली आणखी एक विलोपन, म्हणजे जाती नष्ट होण्याची घटना मांडली होती, त्यात मुख्यतः तळाशी राहणारे जीव गेले. शिंपल्यांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून) त्या सुमारास समुद्र तापल्याचं दिसतं आणि ते दख्खनच्या लाव्हाशी जोडलं जातं. हा वाद मिटलेला नाही. म्हणून तळाचे आणि पोहणारे जीव वेगळे मोज.

आणि ज्या थरात काहीच सापडलं नाही, त्याचीही नोंद हवी: किती जाडीचा थर, किती वेळ शोधलास. हा तक्ता आधी पाठव. आलेख नंतर बघू.