पिल्लू नंतर, आधी त्याची आई दाखवा

सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे पत्रांचा नुसता पूर येतो, आणि निम्म्याहून जास्त पत्रं 'पिल्लू घ्यायचंय' अशीच असतात. आलेल्या पत्रांतली चार घेतलीयेत. पहिल्या उत्तराला जरा जास्त जागा गेलीय, चालवून घ्या.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नाशिकला असतो. दोन मुलं, मोठा ११ चा, धाकटी ७ ची. दोन वर्षं डोकं खाल्लंय दोघांनी कुत्रा पाहिजे म्हणून, शेवटी यंदा हो म्हटलं. मिस्टरांच्या ओळखीतून एक ब्रीडर मिळालाय, गोल्डन रिट्रीव्हर, विदाऊट पेपर १२ हजार आणि पेपरवाला २५. पिल्लू तीस दिवसांचं आहे. तो म्हणतो आत्ताच न्या, लहानपणी नेलं की लळा लागतो, घरपोच आणून देतो, आधी पाच हजार टाका. फोटो इतके गोड आहेत ना! पण नणंद म्हणते विकत कशाला, दत्तक घ्या. मला भीती वाटते की तो कुत्रा कुठे कुठे हिंडलेला, मार खाल्लेला असणार, मुलांना चावला तर?

उत्तर : पाच हजार टाकू नका. आधी त्याला एवढाच मेसेज करा, 'दादा, रविवारी आम्ही सगळे येतो, पिल्लाची आई बघायचीय.' नीट काम करणारा असेल तर तो खुशाल या म्हणेल, उलट तुमचीच चौकशी करेल. नाहीतर उत्तरं ठरलेली असतात. मदर फार्महाऊसला आहे, मदरला बरं नाही, मदर नवीन माणसावर येते, मदर पार्टनरकडे आहे. व्हिडिओ पाठवतो म्हणेल, तोही नको, व्हिडिओ कुणाच्याही कुत्रीचा असतो.

आई का बघायची, तर माझ्याकडे एक आई आहे म्हणून. मोगरी नाव ठेवलं आम्ही, लॅब्रॅडोर, कात्रजच्या पुढे एका बंद पत्र्याच्या शेडला नायलॉनच्या दोरीने बांधून कुणीतरी निघून गेलं होतं. डॉक्टरांच्या अंदाजाने वय सहा-सात. सड जमिनीला टेकतील इतके लोंबलेले, नखं वाढून आत वळलेली, आणि जाळीवर उभं राहून राहून पंजांना घट्टे पडलेले. घरात एवढी जागा, पण पहिली रात्र ती कोपऱ्यातल्या दोन फरशांवर बसून राहिली, तिथेच शू केली आणि त्यातच झोपली, कारण बाहेर पडता येतं हेच तिला माहीत नव्हतं. सकाळी गवतावर नेली तर एकेक पाय उचलून झटकत होती, मांजर ओल्यात पाय पडल्यावर झटकते ना तसं. वेतं देऊन देऊन थकली, पिल्लं कमी व्हायला लागली, मग सोडून दिली, सरळ हिशोब आहे. तिची पिल्लंसुद्धा कुणाच्यातरी मोबाईलवर अशीच गोड दिसली असणार, मागे लाल रिबन वगैरे.

आता तुमच्या पिल्लाचं. तीस दिवसांचं पिल्लू आईपासून तोडायचंच नसतं. भावंडांशी मस्ती करताना जोरात चावलं की समोरचं केकाटतं, खेळ थांबतो, त्यातनं ते दाताचा जोर आवरायला शिकतं, आणि हे सगळं साधारण आठव्या आठवड्यापर्यंत चालतं. तुम्हाला मुलांना चावण्याची भीती आहे ना, मग ही भीती त्या तीस दिवसांच्या गोडुल्याची जास्त धरा. शिवाय पार्वो, म्हणजे पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार. लागण झाल्यावर आजार दिसायला तीन ते सात दिवस जातात, म्हणजे पिल्लू तुमच्याकडे येतं तेव्हा उड्या मारत असतं, चौथ्या दिवशी खाणं सोडतं, मग उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि ब्रीडर म्हणतो आमच्याकडून जाताना ठणठणीत होतं, तुम्हीच काहीतरी खायला घातलं असेल. लसीकरणच सहा ते आठ आठवड्यांत सुरू होतं आणि बूस्टर पुढे सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, त्यामुळे तीस दिवसांच्या पिल्लाचं 'फुल्ली व्हॅक्सिनेटेड' पुस्तक कुणी हातात दिलं तर हसून परत द्या. खऱ्या पुस्तकात लसीच्या बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर चिकटवलेलं असतं आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबरचा शिक्का असतो, नुसती निळ्या पेनाने टिकमार्क नसते.

नियम नाहीत असंही नाही बरं का. २०१७ पासून कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे केंद्राचे नियम आहेत, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादी दीड वर्षाच्या आत आणि आठ वर्षांनंतर वापरायची नाही, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच. म्हणजे तुमचा ब्रीडर पहिल्याच फोनवर नियम मोडून बसलाय. नोंदणीचा नंबर विचारा त्याला. आणि केसीआयचा, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचा, पेपर म्हणजे वंशावळीची नोंद, आई कुठल्या पिंजऱ्यात राहते ते त्यावर लिहिलेलं नसतं, वरचे १३ हजार कशाचे ते बघून घ्या.

राहिली नणंदेची गोष्ट. नणंद बरोबर आहे (हे वाक्य मी छापून देतेय, जपून ठेवा). घरात ७ वर्षांची मुलगी आहे, तर मी तुम्हाला दत्तकसुद्धा पिल्लू घ्यायला सांगणार नाही, दीड-दोन वर्षांचा, फॉस्टर घरात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्यांकडे, काही महिने राहिलेला कुत्रा बघा. त्याचा स्वभाव तयार झालेला असतो आणि फॉस्टरवाल्या बाईला तो पाठ असतो, मुलांसोबत कसा, फटाक्यांना घाबरतो का, खाताना हात लावला तर गुरगुरतो का, सगळं. पिल्लाच्या बाबतीत हे कुणीच सांगू शकत नाही, विकणारा तर नाहीच. मुलांना घेऊन दोन-तीनदा भेटा, एकदा फिरायला न्या, मग ठरवा. गोल्डनच पाहिजे असेल तर तेही मिळतात हो, लोक बदली झाली, बाळ झालं, केस फार गळतात म्हणून सोडतात. केस गळतात हे गोल्डन घेताना कळलं नव्हतं का, पण असो.

फॉर्म मोठा असतो, घरच्या सगळ्यांची संमती विचारतात, घर बघायला येतात, नसबंदी करून घेईन असं लिहून घेतात. लग्नात नसेल एवढी चौकशी म्हणून चिडू नका, ज्याने काहीच न विचारता घरपोच देतो म्हटलं त्याच्याशी तुलना करा. आणि फुकट आहे या हिशोबाने येऊ नका, खाणं, लसी, गोचिडाचा ताप, हा खर्च त्यालाही आहे.

प्रश्न : आमची लॅब दोन वर्षांची झाली. नसबंदी करायची म्हटलं तर सासूबाई म्हणतात एकदा तरी आई होऊ दे, नाहीतर तळतळाट लागेल. शेजारच्या सोसायटीत एक मेल आहे, मालक एका पिल्लाच्या बदल्यात क्रॉसिंगला तयार आहेत. एकदा केलं तर काय बिघडलं? – ठाणे

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. कुत्रीला 'माझं आई व्हायचं राहून गेलं' असं वाटत नाही, एक वेत झालं की तब्येत सुधारते याला काही आधार नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीला वय वाढलं की गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, पायोमेट्रा म्हणतात, तेव्हा रात्री-बेरात्री ऑपरेशनला धावायला लागतं आणि दर वेळी वाचतेच असं नाही.

आणि लॅब आहे, एक-दोन पिल्लांवर भागत नाही, आठ-दहासुद्धा होतात. त्रेसष्ट दिवसांच्या आसपास पोटात, मग दोन महिने घरात. बाल्कनीत दहा पिल्लांची दिवसातून किती वेळा शी होईल त्याचा अंदाज सासूबाईंनाच करू दे. एक मेलवाल्यांना, एक नणंदेला, एक वॉचमनला, बाकीच्या सातांचं काय? ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकाल, लोक हावरटासारखे नेतील, आणि त्यातली किती नसबंदी न करता पुन्हा क्रॉसिंगला जातील ते तुमच्या हातात राहणार नाही. मेलच्या मालकांनी कंबरेच्या सांध्याचा एक्स-रे केलाय का तेवढं विचारा. लॅबमध्ये हिप डिस्प्लेझिया, म्हणजे तो सांधा नीट न बसणं, खूप, आणि तो पिढीत उतरतो. नसेल केला, तर विषयच संपला. माजावरून उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी नसबंदी करून टाका, तारीख डॉक्टर सांगतील.

प्रश्न : ताई, तुम्ही लिहिता म्हणून सरळ लिहितो, राग नको. आमच्याकडे आजोबांपासून कारवान कुत्री आहेत, सोलापूर भागात. तुमच्यासारख्यांमुळे शहरातले लोक आम्हाला कसाई समजायला लागलेत. देशी जात टिकवायची कुणी मग?

उत्तर : दादा, राग कशाचा, तुमचं बरोबर आहे. कारवानसारखी कुत्री टिकली ती तुमच्यासारख्या घरांमुळेच, आणि मला ती सोफ्यावर लोळणाऱ्या हस्कीपेक्षा कधीही जास्त आवडतात. बर्फातल्या कुत्र्याला सोलापूरच्या उन्हात कूलरसमोर बसवणारे लोक बघितले की माझं डोकं फिरतं.

माझं भांडण पिंजरेवाल्यांशी आहे. जे जाडजूड हाडांचं पिल्लू 'डबल बोन' म्हणून भाव वाढवतात (हाडं सगळ्यांना एकेकच असतात, दादा), ज्यांच्याकडे एका वेळी पाच जातींची पिल्लं तयार असतात आणि दिवाळीला ऑफर असते. तुम्हाला मी दोनच गोष्टी विचारते. तुम्ही दिलेलं पिल्लू तीन वर्षांनी मालकाला नको झालं तर तुम्ही परत घेता का? आणि पुण्याच्या चौथ्या मजल्यावरचं गिऱ्हाईक आलं, दिवसभर घर बंद, फिरवणार दहा मिनिटं, तर पैसे समोर असताना नाही म्हणता का? दोन्हीला हो असेल तर तुमचा पत्ता मी स्वतः लोकांना देईन. नसेल तर पळायला जन्मलेलं कुत्रं लिफ्टमध्ये अडकवायचं पाप थोडं तुमच्याकडेही येतं. नोंदणी मात्र करून घ्या, त्यात आजोबांचा मान कमी होत नाही. कायद्याला घाबरा असं तरी कशाला म्हणू, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे, त्यात दोन वडापाव येतात.

प्रश्न : आठ दिवसांपूर्वी एक देशी कुत्री दत्तक घेतली, तीन वर्षांची. पलंगाखालून बाहेरच येत नाही, रात्री आम्ही झोपलो की खाते. मुलगी रडते, म्हणते तिला आम्ही आवडत नाही. परत द्यावी का? – कोल्हापूर

उत्तर : आठच दिवस झालेत! आमच्यात ढोबळ हिशोब सांगतात, तीन दिवस धसका उतरायला, तीन आठवडे घराची सवय व्हायला, तीन महिने आपलं घर वाटायला. पलंगाखालून ओढून काढू नका, वाकून डोळ्यांत बघत बसू नका, पाहुणे बोलावून दाखवू नका. मुलीला सांगा, पलंगापासून चार हातांवर जमिनीवर बसून गृहपाठ कर, मोठ्याने वाच, अधूनमधून चिकनचा एक तुकडा तिच्या बाजूला सरकव, पण तिच्याकडे बघू नकोस. रात्री खातेय म्हणजे पोट ठीक आहे. दोन दिवस अजिबात खाल्लं नाही तर मात्र डॉक्टर. दाराला आणि गॅलरीला जपा, घाबरलेला कुत्रा पहिल्या महिन्यातच पळतो, फिरवताना पट्ट्यासोबत हार्नेसही घाला.

मोगरीला दोन फरशा सोडायला एकवीस दिवस लागले होते. बाविसाव्या रात्री ती उठली आणि दोरीवरून पडलेले आमच्या पोराचे मोजे एकेक करून तोंडात धरून आपल्या गोधडीवर नेले, सहा मोजे होते, सगळे पोटाशी घेऊन गोल झोपली. सकाळी शाळेला जाताना पोराने एक मोजा मागितला तर गुरगुरली. घरात आल्यापासून तिचा पहिला आवाज तो. पोरगं त्या दिवशी बिनमोज्याचं गेलं.